टोले पडताना

हे मी लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं, परत पुसलं. लिहिणं हा आपला प्रांत नाही. आपलं काम आवाजाचं. बंद पडलेला स्पीकर उघडायचा, कॉइल बघायची, सोल्डर मारायचं, गिऱ्हाइकाला वाजवून दाखवायचं. तेही कुणी शिकवलं नाही. निबंधाच्या तासाला मी बाकाखाली घरातला रेडिओ खोलून बसायचो, तिथून जे काय शिकलो ते.

पण हे कुणीतरी सांगायला पाहिजे. आणि ज्यानं सांगायला पाहिजे तो आता बोलत नाही.

गंमत बघा, त्याचं नाव रेडिओ.

म्हणजे पाळण्यातलं नाव वेगळं. हे आम्ही ठेवलेलं. सकाळी सुरू झाला की झोपेपर्यंत चालूच. शाळेत बाई म्हणायच्या, "याचं बटण कुणाकडे आहे रे?" मला सगळे वायर म्हणतात, कारण माझ्या खिशात कायम वायरचा तुकडा असतो, आणि अंगानंही मी तसाच. रेडिओ आणि वायर. जोडी जमणारच होती.

आम्ही राहतो खालच्या वस्तीत. वर चौक, चौकात मनोरा, मनोऱ्यात घंटा. साहेबांच्या राज्यात बांधलेला. साहेब गेले, घंटा राहिली. पूर्वी दर तासाला वाजायची म्हणतात. आता फक्त संध्याकाळी, दिवेलागणीला, सात टोले. गाड्यांच्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून पालिकेनं घंटेजवळ माइक बसवला आणि चौकातल्या खांबांवर कर्णे. साहेबाच्या काळात गेली नसेल इतक्या लांब ती आता ऐकू जाते.

आणि टोले पडायला लागले की आमची वस्ती गप्प होते.

खरंच गप्प. भांडण चालू असेल तर अर्ध्या शिवीवर थांबतं. नळावरची बाई बादली उचललेली तशीच धरून ठेवते, खाली टेकवत नाही, कडी वाजेल म्हणून. पोर रडायला लागलं तर आई त्याला छातीशी दाबून धरते. सातवा टोला विरला की शिवी पुढे पूर्ण होते. बाहेरचा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा हसतो. आम्हाला काही वाटायचं नाही. का गप्प बसायचं असं विचारलं की मोठी माणसं म्हणायची, "वळण आहे." कुणी म्हणायचं, दिवसाला निरोप देतो आपण. ऐकायला बरं वाटायचं. वस्तीकडे दुसरं काही नसेल, वळण होतं.

रेडिओसुद्धा गप्प व्हायचा. अख्ख्या दिवसात तेवढाच.

मग शहर सुंदर करायची समिती आली. मनोरा धुतला. खालच्या रसवाल्याची भलीमोठी पाटी काढली तर तिच्या मागे दगडात कोरलेली दुसरी पाटी निघाली. साहेबाच्या भाषेत. समितीनं तिच्यावर काच बसवली, खालून पिवळा दिवा सोडला. लोक तिथे उभं राहून फोटो काढायला लागले.

रेडिओला ती भाषा येते. कॉल सेंटरला होता तो, दिवसभर त्याच भाषेत अनोळखी लोकांची माफी मागायची नोकरी. एका दुपारी तो त्या पाटीसमोर उभा होता आणि मी शेजारी भेळेसारखं काहीतरी खात होतो. तो बोलत नव्हता. मला वाटलं तब्येत बिघडली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

त्यानं वाचून सांगितलं. संध्याकाळच्या घंटेपासून खालच्या वस्तीतल्या कुणाचाही आवाज या मनोऱ्यापर्यंत येता कामा नये. आला तर त्या घरच्या कर्त्या माणसाला याच जागी फटके.

मी चावायचा थांबलो.

"वायऱ्या," तो म्हणाला, "हे वळण नाही रे. हा मार आहे. पाठीवरचे वळ बुजले, पण तोंडानं लक्षात ठेवलंय."

शेजारी एक जोडपं फोटो काढत होतं. त्यातली मुलगी म्हणाली, "दादा, जरा सरकता का? पाटी येत नाहीये पूर्ण." आम्ही सरकलो. काय करणार.

घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं. रेडिओची आई म्हणजे माझी मावशी. सख्खी नाही, पण माझे शाळेचे शर्ट तिनंच शिवलेत. शिलाई मशीनवर बसूनच तिनं सगळं ऐकलं.

"असेल बाबा," ती म्हणाली. "पण आता कोण मारतंय? जरा वेळ गप्प बसल्यानं कुणाचं काय वाकडं झालंय? उलट तू गप्प बसतोस तेवढाच माझ्या कानाला आराम."

"आई, थट्टा नाही."

"मी कुठं थट्टा करतेय? शेजारणीला विचार. तिलाही तेवढाच आराम."

तेव्हाच तिचा आवाज घोगरा झाला होता. आम्ही म्हणायचो, रेडिओवर ओरडून ओरडून झाला. डॉक्टरनं आत नळी घालून बघितलं आणि मग रेडिओला वेगळं बोलावलं. स्वरयंत्रात गाठ होती. स्वरयंत्र काढायलाच लागणार होतं. डॉक्टर बिचारा सरळ माणूस, म्हणाला, "आई राहतील. आवाज राहणार नाही."

रेडिओनं मला हे दुकानात येऊन सांगितलं. मी एक ॲम्प्लिफायर उघडून बसलो होतो. मी पंखा त्याच्याकडे वळवला. तो म्हणाला, "राहू दे. ऐक. मला आईचा आवाज टोल्यांवर पाहिजे."

"म्हणजे?"

"टोले पडताना ती बोलली पाहिजे. एकदा तरी. आवाज जायच्या आधी. जन्मात त्या वेळेला ती कधी बोललेली नाही रे. तिची आई नाही, आजी नाही. मला ते रेकॉर्ड करायचंय. आणि चौकात वाजवायचंय. त्याच कर्ण्यांवर. त्याच टोल्यांवर."

बास, एवढंच हवं होतं त्याला. हे सगळं नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मॅडम आल्या, वर्तमानपत्र आलं, मोठे मोठे शब्द आले. पण मुळात एका पोराला आईचा आवाज त्या घंटेवर हवा होता.

रेडिओ आधीपासून आवाज गोळा करायचा. फोनवर, नंतर माझ्याकडच्या जुन्या रेकॉर्डरवर. नळाला पाणी यायच्या आधी पाइपात होणारी खरखर, सायकलची सैल चेन, शेजारच्या काकांचं घोरणं. आम्ही त्याला येडा म्हणायचो. समितीच्या मॅडम त्याला "साउंड आर्टिस्ट" म्हणाल्या. समितीनं "चौक बोलतो" नावाचा कार्यक्रम काढला होता, त्यासाठी शहरातल्या कलाकारांना बोलावलं होतं. रेडिओनं कल्पना सांगितल्यावर मॅडमचे डोळे भरून आले. खोटं नाही, खरंच आले. म्हणाल्या, "वसाहतवादाचा वारसा आपण फक्त दगडात शोधतो. तुम्ही तो श्वासात शोधलात." रेडिओ बाहेर आल्यावर मला म्हणाला, "आपण काय शोधलं म्हणाल्या?" मी म्हणालो, "श्वासात." तो म्हणाला, "बरं झालं, मला वाटलं नळात."

एकच अट होती. आपले स्पीकर आणायचे नाहीत. चौकातल्या कर्ण्यांवरच वाजवायचं, समितीचा ठेकेदार खांबाखालच्या पेटीतून एक वायर बाहेर काढून देईल, ती लॅपटॉपला जोडायची. रेडिओला तर तेच हवं होतं.

पण आधी आवाज मिळायला पाहिजे ना.

मावशी तयार होती. खरंच तयार होती. पोराची हौस, बोलते की काय त्यात. केस बिस विंचरून बसली. मी माइक लावला. संध्याकाळ झाली. ती बोलायला लागली, "मी लहान होते तेव्हा आमच्या दारात एक..." आणि पहिला टोला पडला. मावशी थांबली. ओठ उघडेच. सातवा टोला विरला आणि ती म्हणाली, "...पेरूचं झाड होतं."

आम्ही हसून लोळलो. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी तिनं गाणं म्हणायचं ठरवलं, म्हणजे थांबता येणार नाही. थांबली. मग रेडिओ म्हणाला, नुसतं माझं नाव घे. नाही जमलं. मशीन चालव, म्हणाला, बोलू नकोस. तर पहिल्या टोल्याला तिचा पाय मशीनच्या पायडलवरून आपोआप वर आला. ती आपल्या पायाकडे बघत बसली, दुसऱ्याचा पाय बघावा तशी. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"अरे, मी बोलते रे," ती नंतर म्हणाली. "आत बोलत असते. बाहेर येत नाही."

मी सुचवलं, दुपारी रेकॉर्ड करू आणि टोले मागून मिसळू. काही कळणार नाही. माझं कामच ते. रेडिओ माझ्यावर असा भडकला की विचारू नका. "मग फरक काय? मला खोटं नकोय." खरं होतं त्याचं.

दवाखान्यात दाखल व्हायचा दिवस आला तोंडावर. टोल्यांवरचा आवाज अजून मिळाला नव्हता. मावशीची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. शेवटची संध्याकाळ. रेडिओनं माइक छताजवळ टांगायचं ठरवलं, का ते मला कळलं नाही. मशीनसमोरच्या तीन पायांच्या स्टुलावर चढला. मी म्हणालो, "अरे तो डगमगतो." तो म्हणाला, "माहितीये."

पहिला टोला पडला. मावशी गप्प. आणि स्टूल सरकलं.

"बाळ्या!"

काय आवाज होता तो! फाटका, घोगरा, पण अख्खी वस्ती ओलांडून जाईल असा. रेडिओ आडवा जमिनीवर, मनगट धरून. आणि मावशी सुटली. "मेल्या, मान मोडून घेशील एक दिवस! किती वेळा सांगितलं त्या स्टुलाला हात लावू नको म्हणून! बापानं आणलं तेव्हापासून लंगडंय ते, आणि तू दुसरा लंगडा त्याच्यावर चढतोस! उद्या मला कापायला घेतील, मी तिथं पडू की तुझं प्लॅस्टर बघू? आणि हा वायऱ्या बघ, उभाय खांबासारखा! धर की त्याला!" वर टोले पडतायत, दुसरा, तिसरा, चौथा, आणि मावशी थांबायला तयार नाही. लाल दिवा लागलेला, रेकॉर्डर चालू. शेजारच्या घरातून कुणीतरी भीत भीत भिंतीवर टकटक केलं, गप्प व्हा म्हणून. तिला ऐकूही गेलं नाही. मी बघितलं, रेडिओ जमिनीवर पडून रडत होता आणि हसत होता.

सातवा विरला. मावशीनं श्वास घेतला. मग तिला कळलं. हात तोंडावर गेला.

"अगं बाई," ती बारीक आवाजात म्हणाली, "टोले पडत होते की! आणि मी बडबडत बसले. चुकलं हं."

कुणाला म्हणाली, माहीत नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो.

तो मुद्दाम पडला का? मी कधी विचारलं नाही. मनगट मात्र खरंच मुरगळलं होतं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बोलला तसंच झालं, आई राहिल्या. गळ्याला भोक, त्यावर पातळ रुमाल. हाक मारायची असेल तर ती टाळी वाजवायला लागली. एक टाळी म्हणजे रेडिओ, दोन म्हणजे मी. रागावली की स्टीलचा पेला ओट्यावर आपटायची, आणि खरं सांगतो, पेल्यातसुद्धा तिचा सूर यायचा.

इकडे आम्ही ते वाजवायचं तयार केलं. आधी वस्तीचे रोजचे आवाज, नळ, चेन, भांडी, पोरं. मग बरोबर पहिल्या टोल्याला "बाळ्या!" आणि पुढचं सगळं. मी म्हणालो, शेवटचं ते "अगं बाई" काढून टाकू, शिव्यांवर संपवू, भारी वाटेल. रेडिओ नाही म्हणाला. "राहू दे. आधी आवाज, मग भीती. लोकांना दोन्ही ऐकू दे."

कार्यक्रमाच्या दुपारी चौकात चाचणी घेतली. नळाचा आवाज त्या कर्ण्यांतून असा घुमला की कबुतरं उडाली. मी म्हणालो, टोल्यांबरोबरही एकदा घ्यायला पाहिजे होती, काल संध्याकाळीच. तो म्हणाला, "नाही. आईचा आवाज चौकात पहिल्यांदा वाजेल तो तिच्यासमोरच."

संध्याकाळी गर्दी. वस्तीतून बायका आल्या होत्या, नीटनेटक्या होऊन, मागच्या बाजूला एकमेकींना चिकटून उभ्या. मावशीला पुढच्या रांगेत खुर्ची. गळ्याला नवा रुमाल, स्वतः शिवलेला. मॅडम बोलल्या. मग रेडिओनं मला खूण केली. मी सुरू केलं.

नळ. चेन. भांडी. मागे वस्तीतली एक बाई कुजबुजली, "अगं, ही माझी कढई!" लोक हसले. काकांचं घोरणं आलं तेव्हा खुद्द काकांनी हात वर केला. इतकं छान चाललं होतं. माझ्या कानाला हेडफोन, डोळा पडद्यावर. बरोबर वेळेला टोला पडला.

आणि हेडफोनमध्ये मावशी ओरडली, "बाळ्या!"

मी वर बघितलं. कुणीही दचकलं नव्हतं.

मी हेडफोन काढला. चौकात फक्त घंटा. पडद्यावर हिरव्या पट्ट्या नाचतायत, आवाज जातोय, वायर जागेवर आहे, आणि कर्ण्यातून घंटेशिवाय काही नाही. मी वायर हलवली. काढली, लावली. दुसरा टोला. तिसरा. मग खांबाखालच्या पेटीच्या फटीतून लाल दिवा दिसला आणि मला कळलं.

मॉलमध्ये गाणी चालू असतात आणि मध्येच घोषणा आली की गाणी आपोआप बंद होतात, बघितलंय ना? तीच जोडणी. घंटेच्या माइकला पहिला मान. तो बोलायला लागला की बाकी सगळ्यांची तोंडं बंद. कुणी मुद्दाम आमच्यासाठी केलेलं नव्हतं. ज्यानं कोणी ते बसवलं त्यानं सरळ विचार केला असेल, घंटेच्या मध्ये कुणी बोलू नये. दगडावरची पाटी आता पेटीत होती. आणि पेटीला कुलूप होतं.

रेडिओ पेटीकडे धावला. लाथ घातली तिला. "उघडा! अरे उघडा हे! बंद करा घंटा!" किल्लीवाला ठेकेदार गर्दीत कुठे होता कुणास ठाऊक. हेडफोन माझ्या हातात, त्यातून मुंगीएवढ्या आवाजात मावशी म्हणतेय, बापानं आणलं तेव्हापासून लंगडंय ते. मला वाटलं धावत जाऊन तिच्या कानाला लावावा. लॅपटॉपसकट उठलो, तर कर्ण्यांची वायर ताणली गेली. उपटून टाकायला हवी होती. तेवढं सुचायला पण वेळ लागतो.

गर्दी एकदम शांत. मागे वस्तीतल्या बायका, माना जरा खाली, सवयीनं. एकीच्या कडेवरचं पोर तिनं छातीशी दाबलेलं. त्यांना बघून बाकीचेही गप्प झाले, कुणी कुणी माना खाली घातल्या.

आणि मावशी खुर्चीतून वळली. पोरगा ओरडतोय, पेटीला लाथा घालतोय. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

गप्प.

तो गप्प झाला. पाय उचललेला तसाच.

सातवा टोला विरला. पेटीतला लाल दिवा गेला. कर्णे उघडले. आणि अख्ख्या चौकात, आजवर कधी पोचला नव्हता इतका मोठा होऊन, मावशीचा आवाज आला.

"अगं बाई, टोले पडत होते की! आणि मी बडबडत बसले. चुकलं हं."

मग टाळ्या. अशा टाळ्या मी त्या चौकात कधी ऐकल्या नाहीत. मॅडम उभ्या राहून वाजवत होत्या, गालावर पाणी.

रेडिओनं त्यांना सांगितलं. मीही सांगितलं. वायर, माइक, पेटी, सगळं. मॅडमनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पण ती शांतता किती बोलकी होती! तुम्हाला काय करायचं होतं त्यापेक्षा काय घडलं ते मोठं असतं कधी कधी." रेडिओ म्हणाला, "मॅडम, तिचा आवाज होता तिथे. तुम्ही ऐकला नाही." त्या म्हणाल्या, "तेच तर." आणि त्याचा खांदा थोपटला. वर्तमानपत्रातही तसंच छापून आलं. संयम वगैरे.

ठरल्याप्रमाणे ते महिनाभर रोज वाजणार होतं. रेडिओनं सांगितलं, जोडणी बदला नाहीतर बंद करा. ठेकेदार म्हणाला, घंटेच्या जोडणीला हात लावायचा तर वरून परवानगी लागते. बंद करायचं तर मॅडम म्हणाल्या, लोकांना आवडतंय. लोकांना आवडतच होतं. पोरं चौकात एकमेकांना चिडवायची, "चुकलं हं!"

एवढ्यावर असतं तर तो सावरला असता. मी ओळखतो त्याला.

एका संध्याकाळी तो परत मॅडमकडे निघाला, भांडायला. मी बरोबर. दारात मावशीची टाळी. एक. त्यानं मागे बघितलं. ती मशीनवरून उठून दारात येऊन बसली होती, आवरून, चौकाकडे तोंड करून. तिनं मान हलवली. नको जाऊ. टोले पडले, वस्ती गप्प. मग वरून आलं, "अगं बाई..." आणि मावशीचे ओठ हलले. कर्ण्याबरोबर, शब्दाला शब्द. "चुकलं हं"पर्यंत. समोरची शेजारीण म्हणाली, "आला हो तुमचा आवाज." मावशी हसली. किती दिवसांनी हसली होती.

ती रोज तिथे बसत होती. आम्हालाच माहीत नव्हतं.

रेडिओ पायरीवर बसला. "बघ," तो म्हणाला. "बघ, काय राहिलं ते."

मी दुसऱ्या दिवशी छोटा स्पीकर घेऊन गेलो. म्हटलं, चौक गेला खड्ड्यात, निदान मावशीला घरात तरी पूर्ण ऐकवू, टोल्यांवरच. पहिला टोला, "बाळ्या!" मावशी दचकली. डोळे मोठे झाले, मला वाटलं आनंदानं. तिनं उठून स्पीकर उचलला, पोटाशी धरला, आणि वरून दोन्ही हात दाबले. पोर दाबतात तसा. बोटांमधून बुदबुद बाहेर येत होती, मान मोडून घेशील, लंगडंय ते, आणि ती दाराकडे बघत होती, कुणी ऐकलं तर नाही ना. मी बंद केला. काय करणार होतो? रेडिओ कोपऱ्यात उभा होता. त्या दिवसापासून तो बोलायचा कमी झाला. भांडण नाही, रडणं नाही. गाणं ऐकत असताना हळूहळू आवाज कमी करत न्यावा, तसा.

महिना संपला. समितीनं कार्यक्रम काढून घेतला. घंटा राहिली.

पहिल्या संध्याकाळी मावशी दारात बसली. टोले पडले, संपले. ती थांबली. शेजारीणही थांबली. वरून काही आलं नाही. मावशीनं रुमाल नीट केला आणि तशीच बसून राहिली, दिवे लागले तरी. मी हाक मारली, "मावशी, आत चला." तिनं बोट वर केलं. थांब, येईल.

रेडिओनं दुसऱ्या शहरात नोकरी घेतली. परत कॉल सेंटर, परत माफी मागायची. तिथे घंटा नाही, एवढंच बघितलं त्यानं. आईला नेणार होता. ती नको म्हणाली, पेला दोनदा आपटून. इथून हलली तर आवाज आला की कळायचं कसं?

निघायच्या दुपारी तो दुकानात आला. बॅग खाली ठेवली. मी पंखा त्याच्याकडे वळवला.

"वायऱ्या, ते रेकॉर्डिंग तुझ्याकडेच आहे ना?"

"आहे. तुला कॉपी देऊ?"

"नको." बराच वेळ तो माझ्या टेबलावरचे स्क्रू उगाच एका ओळीत लावत बसला. "एक काम करशील? संध्याकाळी, टोले संपले की, तिच्या दाराबाहेरून कुठूनतरी ते लावत जा. छोट्या स्पीकरवर. तिला दिसू देऊ नको. वरून आल्यासारखं वाटलं पाहिजे."

"कुठलं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तेच. अगं बाई."

"अरे पण त्याच्याचविरुद्ध तर आपण..."

"माहितीये रे." स्क्रू घरंगळत खाली पडला, त्यानं उचलला नाही. "तेवढाच तर पोचलाय तिच्यापर्यंत. तिला तोच आवाज आपला वाटतो. मी काय करू?"

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता.

"आणि बाकीचं?" मी विचारलं. "ओरडलेलं?"

"ते तू ऐक. टोले पडताना. हेडफोन लावून, एकटा. रोज नाही जमलं तरी चालेल." तो उठला. "कुणीतरी ऐकायला पाहिजे ना रे. ती बोलली होती."

त्याचं मनगट अजून नीट वळत नाही. बॅग त्यानं डाव्या हातानं उचलली.

"रोज ऐकेन," मी म्हणालो. "आणि संपलं की तिच्यासाठी तेवढं शेवटचं लावेन. वचन."